रुंद मडगार्डांची नोंद होणेबाबत

विषय : मागची दोन्ही मडगार्डं कापून रुंद केली, त्याची नोंद वाहनाच्या कागदांवर होणेबाबत.

वरील विषयातलं वाहन म्हणजे मी. जन्म १९७१, दोन दारांची, लांब नाकाची, पळण्यासाठी बनवलेली. सध्या जपानातल्या ओदावारा गावात इनागाकींच्या शेडमध्ये चौदा महिने उभी आहे. उभं राहणं मला कधीच जमलं नाही.

माझे मालक सुगिउरा. तरुणपणी मला घेतलं तेव्हाच त्यांना माझी मागची बाजू रुंद हवी होती. मग लग्न झालं, लेक चिनामी झाली, आणि रुंदीचा विषय पन्नास वर्षं मागे पडला. येत्या नऊ नोव्हेंबरला त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी लायसन परत करीन, असा शब्द त्यांनी लेकीला दिलाय. त्याआधी एकदा मला घेऊन हाकोनेचा घाट चढायचा, एवढंच त्यांचं मागणं. माझंही.

इनागाकी त्यांचे शाळासोबती. त्यांनी माझी मडगार्डं कापली, लाकडी हातोडीनं नवा पत्रा वळवला. सुगिउरांनी मापं लिहून परिवहन कचेरीत अर्ज दिला. पासिंगची तारीख मिळाली. इनागाकी मात्र मान तिरपी करून माझ्याकडे बघत बसले.

"डावं जरा फुगलंय."

"कागद गेलेत रे. आता हात लावू नकोस. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

डावं ठोकून बारीक केलं, तर उजवं जाड दिसू लागलं. उजवं बारीक केलं, तर पुन्हा डावं. मी ओरडले असते, पण बॅटरी काढून ठेवली होती.

पासिंगला मला लॉरीवरून नेलं. साहेबानं टेप लावली. अर्जातल्या मापापेक्षा तीन सेंटिमीटर कमी. तो कमरेत वाकला, क्षमा मागितली आणि नव्या मापांचा अर्ज करावा, नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, असं सांगितलं. इतक्या आदरानं मला कुणी परत पाठवलं नव्हतं.

चिनामी म्हणाली, "बाबा, लायसन महिनाभर उशिरा द्या. मी काही विचारणार नाही."

"तू नाही विचारणार. मला माहीत असेल ना."

दोघे मित्र एकाच शाळेतले, हे मला तेव्हा पटलं.

तीन ऑक्टोबरला नवा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी सुगिउरांनी हातोडी आपल्या घरी नेली. बॅटरी जोडली आहे, टाकी भरली आहे. आज एकोणतीस ऑक्टोबर. सकाळी इनागाकी रिकाम्या हातांनी आले, उजव्या मडगार्डवरून तळवा फिरवला, बराच वेळ मान तिरपी करून उभे राहिले आणि निघून गेले.

अर्ज विचाराधीन आहे.