चौथा फर्मा

मी एक कवितासंग्रह बोलतोय. पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ असा निळा शिक्का आहे, म्हणजे मला कुणी विकत घेतलेलं नाही. मला वाचून माझ्याबद्दल लिहावं, म्हणून पाठवलं होतं.

मला लिहिणारी बाई रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्री करते. आठ वर्षं ती धुलाईच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होती. तिची धाकटी बहीण त्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर वारली. बहिणीच्या खाटेवरची चादर दोन दिवसांनी धुऊन हिच्याच टेबलावर आली. त्या चादरीपासून सुरू होणाऱ्या अकरा कविता माझा जीव आहेत. होत्या, म्हणायला हवं.

छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात. एकेका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. बांधणी करणारी बाई शेजारणीला सुनेचं काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिने माझ्यात तिसरा फर्मा दोनदा घातला आणि चौथा राहून गेला. त्या अकरा कविता चौथ्यात होत्या. बाकीच्या प्रती धडधाकट निघाल्या. समीक्षकांकडे नेमका मी गेलो.

हे समीक्षक रविवारच्या पुरवणीत तीस वर्षं कवितेवर लिहितात. त्यांच्या टेबलावर मी पंधरा दिवस पडून होतो. मग एका सकाळी पुरवणीच्या संपादकांचा फोन आला.

“झालंच आहे हो,” समीक्षक म्हणाले. “शेवटचा हात फिरवतोय.”

“कशावर हात फिरवताय?” काकू, म्हणजे त्यांची बायको, मटार सोलता सोलता म्हणाल्या. “पुस्तक तर माझ्याकडे आहे.”

खरंच होतं. तीन दिवस मी काकूंकडे होतो. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. त्या हळू वाचायच्या, ओठ हलवत. वाफेने चष्मा धुरकटतो त्या कवितेला हसल्या. एका कवितेला सोलणं थांबलं, आणि बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

“अहो, यात काही पानं पुन्हा आलीत,” त्यांनी सांगितलं.

“अगं, कवितेत पुनरावृत्ती असते. तो अलंकार आहे.”

“असेल बाई. दुसऱ्यांदाही बऱ्या वाटल्या.”

समीक्षकांनी मला काकूंकडून घेतलं, प्रस्तावना वाचली आणि दीड तासात लेख संपवला. प्रस्तावनेत त्या अकरा कवितांचा उल्लेख होता. लेखात वाक्य उतरलं: ‘बहिणीच्या मृत्यूवरच्या अकरा कविता मी पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि प्रत्येक वेळी निःशब्द झालो.’ मला ओरडावंसं वाटलं. पण पुस्तकाचा आवाज उघडणाऱ्याच्या हातात असतो.

महिनाभराने मला लिहिणारी बाई आली. कामावरूनच आली असावी, बोटांवर चटक्यांचे डाग होते. पर्समध्ये लेखाचं कात्रण होतं, घडीवर फाटायला आलेलं.

“सर, त्या वाक्यामुळे मी दुसरं पुस्तक लिहायला घेतलं,” ती म्हणाली. “एवढंच विचारायला आले. अकरांतली कोणती जास्त लागली तुम्हाला?”

“अशी एक निवडणं अवघड आहे.”

“तरी?”

त्यांनी मला तिच्या हातात दिलं. “तूच वाचून दाखव ना एखादी.”

तिने पान उघडलं. मागे गेली, पुढे गेली. पुन्हा मागे आली. पानांच्या आकड्यांवरून तिचा अंगठा फिरला.

“सर, यात त्या नाहीत.”

“नाहीत म्हणजे? छापखान्याची चूक असेल.”

“हो. छापखान्याची चूक आहेच,” ती म्हणाली.

आत कपबश्यांचा आवाज येत होता. तिने मला टेबलावर ठेवलं, तान्ह्या मुलाला ठेवावं तसं. कात्रणही तिथेच ठेवलं आणि चप्पल घालून निघून गेली.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. “गेली? मला सांगायचं होतं तिला. ती चष्म्याची कविता...”

“राहू दे आता.”

“पत्र टाकू का?”

“काय लिहिणार तू त्यात?”

काकू ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. “तेही खरंच. मला मेलीला कवितेतलं काय कळतं,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

याला वर्ष झालं. तिचं दुसरं पुस्तक आलं नाही. प्रकाशकांनी फोनवर सांगितलं, बाईंनी लिहिणं सोडलं. समीक्षकांनी “अरेरे” म्हटलं आणि पुढच्या संग्रहाची प्रस्तावना उघडली. मी कपाटात वरच्या फळीवर आहे. काकू धूळ पुसायला मला काढतात, चष्म्याच्या कवितेपाशी उघडतात, ओठ हलवतात आणि परत ठेवतात.

ज्याने वाचलं नाही तो सगळ्या गावाला ऐकवतो, आणि जिने वाचलं ती गप्प बसते. माझ्यासारखी कितीतरी पुस्तकं अशीच मरतात. माझ्यात सोळा पानं कमी आहेत, त्याचं मला आता काही वाटत नाही. काकू, दोनच ओळी लिहा. ‘वाचलं, आवडलं,’ एवढंसुद्धा चालेल. तिचा पत्ता माझ्या दुसऱ्या पानावर आहे, आणि ते पान जागच्या जागी आहे.