नेल ताब्यातच होती

तुम्ही खोटं लिहिलंय. नगरपालिकेच्या तुमच्या कागदाच्या तिसऱ्या ओळीत ‘कुत्री ताब्याबाहेर गेली’ असं टाइप करून खाली सही ठोकलीय. मेंढ्या वळणारी माझी नेल ताब्याबाहेर गेली नव्हती. पाच वर्षांच्या तिच्या आयुष्यात ती एकदाही ताब्याबाहेर गेलेली नाही. आणि सातव्या ओळीत ‘घरातल्या लहान मुलीचं सांगणं गोंधळलेलं आहे’ असं लिहिलंत, तेही खोटं. त्या स्वयंपाकघरात खरं बोलणारी ती एकटीच होती.

तुम्हाला फसवलं कोणी ते सांगतो. पण चौकशीला आलेला तुमचा माणूस अकरा मिनिटं बसला, मनुकांच्या पावाचे दोन काप लोणी लावून खाल्ले, बागेचा फोटो काढला आणि जो प्रश्न आमच्या डोंगरावरच्या शेंबड्या पोरानंही पहिला विचारला असता तो न विचारता गेला. त्याचा दोष माझ्या माथी मारू नका.

मी इवर. आमच्याकडे माणसाला त्याच्या शेताच्या नावानं हाक मारतात, म्हणून बावन्न वर्षं मी इवर हाफोड होतो. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला. डोंगर चढणं संपलं. आमच्या मेंढ्या डोंगराच्या असतात, माणसाच्या नसतात. आयांनी कोकरांना दाखवलेल्या हद्दीत त्या चरतात, दुसरीकडे नेल्या तर खंगतात. म्हणून हाफोड सोडलं तेव्हा मेंढ्या तिथंच राहिल्या आणि ओढ्यापलीकडच्या गेथिन पेन्त्रेनं त्या सांभाळायला घेतल्या. मी खाली गावात मुलीकडे आलो. आता मी चौदा नंबरच्या घरातला म्हातारा.

गेथिन पस्तिशीचा. मेंढ्या मोजून झाल्यावर दगडी भिंतीला टेकून त्यानं सरळ विचारलं, “आणि नेल?”

मी म्हटलं, ती माझ्याबरोबर येणार.

“इवर, तुमचा खुबा मोडलाय, तिचा नाही. खाली ती काय करणार? टीव्ही बघणार?”

हे पोरगं मला शिकवणार. ज्याच्या बापाला डोंगरावरची पहिली वाट मी दाखवली. खरं कारण मात्र वेगळं होतं. आमच्यात कुत्री दुसऱ्याला देताना शिट्ट्याही द्याव्या लागतात. प्रत्येकाच्या शिट्ट्या वेगळ्या. डावीकडून जा, उजवीकडून जा, थांब, हळूहळू पुढं ये, या चार शिट्ट्या नव्या माणसाच्या तोंडात नीट बसेपर्यंत त्याला शिकवायच्या, आणि मग आपण गप्प व्हायचं. तिच्या कानावर पडेल अशी शिट्टी पुन्हा वाजवायची नाही, नाहीतर बिचारीनं कुणाचं ऐकायचं? माझ्या शिट्ट्या मी माझ्या बापाकडून उचलल्या. त्या गेथिनच्या तोंडून डोंगरावर ऐकायच्या, हे मला झेपलं नाही. म्हणून नेलला गावात आणलं. तिच्यासाठी नव्हे.

आता लाजेचा खरा भाग. माझ्याकडे पिल्लं झाली की लोक दूरदूरहून मोटारी घेऊन यायचे. मी कुणालाही पिल्लू देत नसे. आधी तीन गोष्टी विचारायचो. सकाळी दहा वाजता ही काय करत असेल? तुमच्या घरात पळणारं काय आहे, जे हिनं वळवलेलं तुम्हाला चालेल? आणि पाऊस लागला की हिला घेऊन बाहेर कोण जाईल? एकदा शहरातलं एक मास्तर जोडपं आलं होतं. दोघंही चांगली. मास्तरीणबाई म्हणाल्या, आम्ही तिच्यावर खूप प्रेम करू. मी म्हटलं, बाई, प्रेम तिला तुमची मांजरही देईल, काम कोण देईल? त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. ही गोष्ट मी बाजाराच्या दिवशी वर्षानुवर्षं सांगितली, लोकांना हसवलं.

माझी मुलगी नेरिस. तिनं मला या ओट्यापाशीच विचारलं होतं. “बाबा, यातलं मला कळत नाही, तुम्हाला कळतं. आमच्या घराला ही झेपेल का?” घर म्हणजे वर दोन खोल्या, खाली दोन, मागं बारा पावलांची बाग, दिवसभर कामावर जाणारी दोन माणसं आणि माझी नात कादी, वय वर्षं सहा. त्या तीन प्रश्नांतला एकही मी स्वतःला विचारला नाही. झेपेल, म्हणालो.

पहिल्या महिन्यात नेलनं बागेच्या कडेनं जमीन उघडी पडेपर्यंत वाट पाडली. दुसऱ्या महिन्यात खिडकीतून दिसणाऱ्या मोटारींवर नजर लावून ती जमिनीलगत दबून बसू लागली, तासन् तास. जावई ह्यू म्हणाला, ही बसते तेव्हा मला माझाच काहीतरी गुन्हा आठवतो. आम्ही हसलो. मी दिवसातून दोनदा काठी टेकत तिला नदीपर्यंत न्यायचो. ती माझ्या पायाशी चालायची आणि समोरचा डोंगर बघायची. मीही तोच बघायचो. कुणाला दोष देणार?

एकदा नेरिसनं पुन्हा विषय काढला. गेथिन दुकानात भेटला होता, म्हणाला कधीही आणून द्या. मी तिच्यावर तोंड टाकलं. या घरात मला एक कुत्रीसुद्धा ठेवता येत नसेल तर सरळ सांगा, असलं काहीतरी बोललो. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. म्हाताऱ्या बापाच्या हातात हेच एक हत्यार असतं आणि तो ते वापरतो.

मग कादीचा वाढदिवस. बागेत नऊ मुलं. नेलला आतल्या खोलीत कोंडा, असं नेरिसनं मला दोनदा बजावलं होतं. मी हो म्हटलं. दार लावलं नाही.

मुलं पळायला लागली आणि नेल दारातून सरकली. भुंकली नाही, दात दाखवले नाहीत. पोट जमिनीला लावून भिंतीच्या कडेनं गोल फिरली आणि मुलं आपोआप एकमेकांच्या जवळ येऊ लागली. त्यांना वाटलं खेळ आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात कपात चमचा फिरवत उभा होतो. दोन वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. नऊतली आठ मुलं कचऱ्याच्या डब्यांपाशी कोपऱ्यात गोळा झाली होती. नववी एफा, शेजारची सात वर्षांची पोरगी, पायऱ्यांकडे निसटत होती. नेल थांबली आणि तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती विचारत होती.

तिथं मी ‘थांब’ वाजवायला हवी होती. मी कप ठेवला, दोन बोटं तोंडात घातली आणि डावीकडची शिट्टी वाजवली.

ती इतकी सुंदर गेली की आजही सांगताना छाती फुगते, आणि त्याचीच मला शरम वाटते. एफानं पाठीमागं पाहिलं, दचकली, वरच्या पायरीवरून घसरली आणि मनगटावर पडली. नेलनं तिला स्पर्शही केला नव्हता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मेंढीचं मोडतं तसंच मोडतं.

नेरिस केक टाकून धावत आली. एफाची आई भिंतीवरून ओरडली. सगळे नेलकडे बघत होते आणि नेल माझ्याकडे, पुढच्या शिट्टीसाठी. तेवढ्यात कादी म्हणाली, “ताइदनं शिट्टी वाजवली.” ताइद म्हणजे मी, तिचा आजोबा.

मी म्हटलं, “मी चहा ढवळत होतो. पोरांना काहीही ऐकू येतं.”

नेरिसनं माझ्याकडे पाहिलं. ती हाफोडमध्ये वाढलीय, ती शिट्टी तिला ओळखू आली नसेल असं मी म्हणणार नाही. पण ती एफाला उचलायला वळली. चार दिवसांनी तुमचा माणूस आला तेव्हा कादीनं पुन्हा सांगितलं आणि मी पुन्हा तेच बोललो, हसून, तिच्या केसांवरून हात फिरवत. तुमच्या माणसानं ‘गोंधळलेलं’ असं लिहून घेतलं. नेलला गाडीत चढवलं. ती एका शब्दावर चढली, कारण तो शब्द मीच उच्चारला.

तेव्हापासून कादी माझ्याशेजारी जेवायला बसत नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसते आणि मीठ हवं असलं तर आईकडे मागते. तुमचा कागद आला, की गुरुवारी निर्णय होईल आणि असं जनावर कुठल्याही घराला योग्य नाही असं दिसतं. नेरिसनं तो मोठ्यानं वाचला. कादीनं मला फक्त विचारलं, “योग्य नाही म्हणजे नेलला मारणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यूला मोटार काढायला लावली आणि पेन्त्रेला गेलो. गेथिन मेंढवाड्यात खुरं कापत होता. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो शिव्या देईल. त्यानं मेंढी सोडली, हात पुसले आणि म्हणाला, “आधी त्यांना लिहा. मग शिट्ट्या शिकवा.”

मी म्हटलं, आधी शिट्ट्या. लिहिल्यावर मला तोंड वर करता येणार नाही. दोन तास लागले. डावीकडची त्याला लवकर जमली. तो वाजवत होता आणि वर डोंगरावर माझ्या जुन्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मी काठी उचलली आणि मोटारीत जाऊन बसलो. आता त्या शिट्ट्या त्याच्या आहेत, मी पुन्हा वाजवणार नाही. एफाच्या आईला जाऊन हेच सगळं सांगितलं. तिनं दार बंद केलं, बरोबरच केलं. कादीलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. टेबलावरची तिची जागा अजून बदललेली नाही.

तर हा माझा जबाब. तुमच्या कागदावर त्यासाठी चौकट नाही म्हणून कागदाच्या पाठीमागं लिहिलाय. घर योग्य नव्हतं हे तुमचं खरं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. जनावर योग्य नाही हे खोटं. तिला पेन्त्रेला सोडा. गेथिन बुधवारी नऊ वाजता तुमच्या कोंडवाड्याच्या दारात उभा असेल. आणि त्या आधी मला लेखी सांगा, तोंडी नको, खाली सहीसकट सांगा: त्या दुपारी बारा पावलांच्या त्या बागेत ताब्याबाहेर कोण गेलं होतं?