शिवदासची मरणं

आमच्या शिवदासला यशोधनदादांनी किती वेळा मारलं, देव जाणे. छपरावरून पाडला, घोड्यावरून पाडला, एकदा तर विहिरीच्या काठावर उलटा लटकवला. कपडेपट माझ्याकडे, त्यामुळे जाकिटावरचं खोटं रक्त धुवायचं कामही माझंच. नवरा रोज मरतोय आणि बायको डाग चोळतेय, असला आमचा नवा संसार!

यशोधनदादा म्हणजे एक नंबरचे येडे. इंग्रजी सिनेमातले ते मोठ्या टोप्यांचे, कमरेला पिस्तूल लावलेले घोडेस्वार त्यांच्या डोक्यात बसले ते बसलेच. कुठल्या स्टुडिओची पायरी चढले नाहीत. चार मित्र गोळा केले आणि फलटणच्या पुढे माळावर मराठी काउबॉयचे सिनेमे काढले. पिस्तुलं लाकडाची, घोडे टांग्याचे. पाठलाग रंगात आला की रस्त्याकडेला कुणीतरी माणूस दिसायचा आणि घोडा गिऱ्हाईक मिळालं समजून गपकन उभा राहायचा. हसून हसून मुरकुंडी वळायची आमची.

शिवदासला खरं तर हिरोच करायचं होतं. दिसायला होताच तसा, मेला. पण कॅमेरा सुरू झाला की त्याची बोबडी वळायची. शेवटी दादा वैतागून म्हणाले, "तू बोलू नकोस बाबा, तू मर." आणि असा मेला, की बघणाऱ्याला खरंच गेला वाटावं! मग एकेका सिनेमात तीन-तीनदा मरायला लागला. लोकांनी ओळखू नये म्हणून तोंड कायम मातीत, नाहीतर टोपीखाली. दादा 'कट' म्हणाले की उठायचा, माती झटकायचा आणि ओरडायचा, "बेबे, चहा टाक!"

तीन वर्षांपूर्वी तो खरंच गेला. मी शेजारीच बसले होते. वेड्यासारखी वाट बघत होते, आता उठेल, कपडे झटकेल, चहा मागेल.

त्यानंतर नागसेनने, माझ्या मुलाने, मला सिंगापूरला आणलं. आंग मो किओत नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. नागसेन तिथल्याच एका कंपनीत इंजिनियर, सून दीप्ती हार्बरफ्रंटला ऑफिसात. दोघंही माझं सगळं करतात, खोटं कशाला बोलू? पण सकाळी दार ओढून गेले की संध्याकाळपर्यंत घरात फक्त फ्रीज बोलतो. नात मैत्रेयी शाळेतून येते, तिला काही सांगायला जावं तर म्हणते, "आजी, लेटर लाह," म्हणजे नंतर. खाली बाकावर एक चिनी म्हातारी बसते. ती हसते, मी हसते, संपलं. रविवारी सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला जातात. मला होडी लागते, म्हणून मी घरी. एकटं वाटतं. फार एकटं वाटतं.

आणि अशात चैत्रालीचा फोन आला. पुण्यात जुन्या सिनेमांचं काहीबाही जपून ठेवणारी एक संस्था आहे, त्यात ही पोरगी कामाला. दादांच्या घरच्यांनी शूटिंगचे सगळे फोटो त्यांना दिले होते आणि त्यांचं पुस्तक निघणार होतं. फोटोत कोण कोण आहे ते सांगायला त्या वेळची जिवंत अशी मीच एक उरले होते. दर मंगळवारी दुपारी ती व्हिडिओ कॉल करायची, एकेक फोटो दाखवायची. "बेबीआजी, हा शेरीफ कोण?" मी सांगायची, तो आमच्या गल्लीतला श्रीनिवास, मिशी चिकटवलेली, भजी खाताना पडली ती त्याने भज्याबरोबर गिळली! ती खो खो हसायची. कुणीतरी माझ्या बोलण्यावर हसतंय, याचीच मला चटक लागली.

लवकरच फोटोतली जिवंत माणसं संपली. मेलेली उरली. टोपीखालचा, पालथा पडलेला, विहिरीवर लटकणारा. तिला वाटलं वेगवेगळी माणसं आहेत. मला काय, पहिल्या नजरेत ओळखू आला. त्याची पाठ मी ओळखणार नाही? पण नाव सांगितलं की काम संपलं, आणि काम संपलं की ही पोरगी कशाला फोन करतेय? म्हणून मी म्हटलं, "थांब गं, आठवून सांगते पुढच्या मंगळवारी." पुढच्या मंगळवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. फोन ठेवला की मनातल्या मनात त्या पालथ्या पडलेल्या नवऱ्याला म्हणायची, पड अजून थोडा वेळ.

परवाच्या मंगळवारी चैत्राली घाईत होती.

"आजी, आता त्रास नाही देत तुम्हाला. पुस्तक उद्या छापायला जातंय. या मेलेल्यांच्या खाली आम्ही 'अनोळखी सहकलाकार' असं टाकतोय."

अनोळखी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अनोळखी म्हणे! खबरदार असलं काही छापलंस तर. लिहून घे. शिवदास. शिवदास कांबळे."

"यातले कोणते, आजी?"

"सगळे. सगळे मेलेले तोच आहे. नवरा होता माझा."

ती हळूच म्हणाली, "आजी, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू परत फोन केला असतास का?"

डोळे भरून आले पोरीचे. मी उगाचच पदर सारखा केला.

"मी करेन ना, आजी," ती म्हणाली. "काम नसलं तरी करेन. पुढच्या मंगळवारीच करते."

"असं बोलू नकोस गं," मी म्हटलं. "बोललीस की मी वाट बघत बसेन."

आणि ती काही म्हणायच्या आत मीच फोन ठेवला.