अगत्य येण्याचे करावे

मी एक जुनी लग्नपत्रिका आहे. त्याचबरोबर मी एक नवं घरही आहे. हे दोन्ही एकदम कसं, ते सांगते, मित्रांनो. पण आधी एक अट. माझी कीव करायची नाही. अशा आत्मवृत्तांत शेवटी छत्री मोडते, फळ्याला तडा जातो, आणि तुम्ही डोळे पुसून खेळायला जाता. मला ते चालणार नाही. माझे तुकडे झाले आहेत हे खरं आहे. पण ते मी होऊ दिले आहेत.

माझा जन्म देवासच्या एका छापखान्यात झाला. विपुलचं लग्न ठरलं, तेव्हा त्याचे वडील मोरोपंत स्वतः छापखान्यात जाऊन बसले. मोरोपंत कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, पाहुणचारातून झालेले नाहीत. देवास, धार आणि मध्ये लागणाऱ्या गावांत लग्नाला न बोलावलेला एकही माणूस उरू नये, असं त्यांचं मत होतं. नर्मदेकाठी नेमावरच्या घाटावर एकदा भेटलेल्या एका गृहस्थांसाठीही त्यांनी एक पत्रिका धरली होती. गृहस्थांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. दाढी होती एवढं आठवत होतं.

मी दिसायला चांगली होते. बाहेरून जाड सोनेरी पुठ्ठा, त्यावर गणपती. आत पातळ गुलाबी कागद, त्यावर ओळीखाली ओळ मजकूर. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सुरुवात, मग चि. विपुल, मग चि. सौ. कां. विनीता, मग 'कृपया आहेर आणू नये', आणि सगळ्यात खाली एका ओळीत, 'अगत्य येण्याचे करावे. आपला नम्र, मोरोपंत.'

मग विपुलने काय केलं? त्याने माझा फोटो काढला आणि मोबाईलवरून सगळ्यांना पाठवून दिला.

माझा फोटो गेला. मी राहिले.

लग्नाला कार्यालयात मावणार नाहीत इतकी माणसं आली, आणि ती सगळी फोटो बघून आली. आमचा गठ्ठा तसाच माळ्यावर गेला. आम्हाला रद्दीत देता येईना, कारण आमच्यावर गणपती. आमची पूजाही करता येईना, कारण गणपतीच्या खाली कार्यालयाचा पत्ता आणि गाड्या कुठे लावाव्यात याची सूचना. अशा अधांतरी अवस्थेत आम्ही वर राहिलो आणि खाली विपुलची मुलगी अक्षदा पहिलीत गेली.

माझं म्हणणं तेव्हाही साधं होतं, मित्रांनो. मला बोलावण्यासाठी छापलं होतं आणि मी कोणालाही बोलावलेलं नव्हतं. मला गर्दी नको होती. एक जण पुरला असता. पण माझ्यामुळे यायला हवा होता.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात अक्षदाच्या शाळेने मुलांना सांगितलं की वसंत आला आहे, तेव्हा प्रत्येकाने कागदाचं 'चिड़िया का घर' करून आणावं. विनीताने माळ्यावरून गठ्ठा खाली काढला आणि वरची पत्रिका उचलली. ती मी.

शेजारचा मनन मदतीला आला. तो स्वतःचा गोंद घेऊन आला आणि बराचसा स्वतःलाच लावून बसला. विनीताने माझा पुठ्ठा दुमडून चार भिंती केल्या, कडा चिकटवल्या, दुसऱ्या पत्रिकेचं उतरतं छप्पर घातलं. समोरच्या भिंतीवर तिने आपली बांगडी ठेवली, अक्षदाने तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, आणि तेवढा गोल कापल्यावर मला दार आलं. दाराखाली आइस्क्रीमची काडी बसायला. गणपती नेमका दारावर आला. विनीता म्हणाली, "हे बरं झालं."

आतला गुलाबी कागद उरला होता. त्याच्या पट्ट्या कापून छपराला झालर लावायची ठरली.

"सरळ कसं कापू?" अक्षदाने विचारलं.

"ओळी आहेत ना छापलेल्या, दोन ओळींच्या मधून काप. अक्षर नको कापू."

म्हणून माझ्या झालरीच्या प्रत्येक पट्टीवर एकेक अख्खी ओळ राहिली. शेवटच्या पट्टीपाशी अक्षदा थांबली. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी ती पाण्यात पाय घातल्यासारखी वाचते, हळूहळू.

"मम्मा, अगत्य म्हणजे काय गं?"

विनीता कात्री पुसत म्हणाली, "नुसतं 'या' नाही. तुम्ही आला नाहीत तर आम्हाला खरंच वाईट वाटेल, असं 'या'."

"तो फिर इतना छोटा क्यों लिखा है?" मनन म्हणाला.

शाळेत माझं कौतुक झालं. बाईंनी मला फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "शोपीस के लिए बहुत सुंदर है." मग माझ्या भिंतीवर एक चांदणी चिकटवली. मित्रांनो, तुम्हाला कोणी तुमच्या तोंडावर शोपीस म्हटलं तर तुम्ही काय कराल? मी काही करू शकले नाही. पण ती चांदणी दुसऱ्याच दिवशी मी गळू दिली.

घरी आल्यावर विनीता म्हणाली, "चैत्रगौरीच्या आराशीत ठेवू हिला, गौरीच्या झोपाळ्याशेजारी. मग नीट डब्यात घालून ठेवू, पुढच्या वर्षीला होईल."

मी डबा हा शब्द ऐकला.

"नाही," अक्षदा म्हणाली. "चिमणीचं घर आहे. ती डब्यात कशी येणार?"

"कागदाच्या घरात चिमणी येत नसते, बाळा," विपुल मोबाईलमधून म्हणाला. म्हणजे तो समोरच बसला होता, पण बोलला मोबाईलमधून.

शेवटी तडजोड झाली. हळदीकुंकवाच्या दिवसापर्यंत मी गॅलरीत राहायचं, त्या दिवशी आत. खिडकीत बसवलेल्या कूलरची पाठ गॅलरीत येते, तिथे वरती एक आकडा आहे. त्याला मला दोऱ्याने टांगलं. कूलरवर जुनी चादर होती. त्याची एका बाजूची जाळी मागच्या वर्षीपासून निसटलेली, आणि आतलं गवत बाहेर डोकावत होतं. मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मी समोरच्या टेकडीकडे तोंड करून वाट पाहत बसले.

आधी मुंग्या आल्या. गोंद चाटला आणि गेल्या. मग एक पाल आली. ती आत शिरली, सगळीकडे फिरली आणि राहिली. रोज संध्याकाळी मनन खालून ओरडून विचारायचा, "अक्षदा, तेरी छिपकली ने किराया दिया क्या?" अक्षदा दार लावून घ्यायची.

मी मागे हटले नाही. मी दार उघडं ठेवलं. तसंही ते लावता येत नव्हतं.

आणि एके सकाळी ती आली. चिमणी. काडीवर बसली, माझ्या दारातून आत डोकावली, पालीने तिच्याकडे पाहिलं, तिने पालीकडे पाहिलं. मग तिने आत यायचा विचार सोडून दिला, मान वर केली, झालरीची एक पट्टी चोचीत धरली आणि ओढली. टरकन आवाज आला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' घेऊन ती उडाली.

मला राग आला नाही. मला कोणी तरी वाचायला नेलं, असं वाटलं.

मग ती रोज यायला लागली. तिने 'चि. विपुल' नेला. 'चि. सौ. कां. विनीता' दुसऱ्या दिवशी नेली. मधल्या एका रात्रीपुरती ती दोघं वेगळी राहिली, पण घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मम्मा, चिमणी माझं घर तोडते आहे," अक्षदा रडवेली झाली.

"तर आत आण ना," विपुल म्हणाला. "असंच चाललं तर हळदीकुंकवापर्यंत नुसता दोरा उरेल."

अक्षदाने स्टूल ओढलं. मनन धरायला उभा राहिला. तिचा हात माझ्या दोऱ्यापर्यंत पोचला, आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरले. तुटायला नाही. डब्याला. त्याच वेळी चिमणी आली, काडीवर बसली आणि दोघांकडे पाहून न पाहिल्यासारखं करत एक पट्टी ओढून गेली.

मनन बराच वेळ त्या दिशेला बघत होता. "तोड़ नी री है यार," तो म्हणाला. "सामान ले जा री है. शिफ्टिंग चल री है."

अक्षदाचा हात तसाच वर राहिला. मग तिने दोरा सोडला आणि खाली उतरली. त्या दिवसापासून ती रोज शाळेतून आली की माझ्या उरलेल्या पट्ट्या बघायची आणि एक कमी झाली की खूश व्हायची. मला छापणाऱ्यालाही माझं इतकं कौतुक नव्हतं.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. आत गौर झोपाळ्यावर बसली होती, हरभरे भिजले होते, पन्हं झालं होतं, कैरीची डाळ वाटून तयार होती. आणि मोरोपंत कूलरकडे निघाले होते. या घरात कूलर दरवर्षी याच दिवशी सुरू होतो. मोरोपंत त्याला कुंकू लावतात, फूल वाहतात आणि मगच बटण दाबतात. गौरीच्या आधी कूलरला कुंकू लागतं यावर घरात जुना वाद आहे. त्या वर्षी ऊन असं होतं की गॅलरीची फरशी पायाला चटके देत होती, आणि मोरोपंतांनी येणाऱ्या एकूण एक बाईला सांगून ठेवलं होतं, "बिनघोर या, कूलर चालू असेल."

त्यांनी चादर काढली. पेचकसाने स्क्रू काढून मागची जाळी उघडली. आणि तिथेच थांबले.

"विपुल," ते हळू आवाजात म्हणाले.

विपुल आला. विनीता आली. अक्षदा दोघांच्या मधून घुसली. कूलरच्या पोटात, पंख्याला अगदी खेटून, गवताची वाटी होती, आणि वाटीला गुलाबी अस्तर होतं. त्यात करड्या ठिपक्यांची अंडी. चिमणी कठड्यावर बसून आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती.

"बाबा, हळूच उचलून समोरच्या झाडावर ठेवू," विपुल म्हणाला. "चार वाजता बायका येतील."

"मग ती येणार नाही," अक्षदा म्हणाली. "पप्पा, हलवलं तर ती परत येत नाही."

मोरोपंतांनी चष्मा लावला. "खाली काय लिहिलं आहे ते?"

"अंडी आहेत, बाबा."

"अंडी दिसतात मला. अंड्यांच्या खाली." ते वाकले आणि सावकाश वाचू लागले. "'अगत्य येण्याचे करावे. आपला नम्र, मो'... पुढे अंडं आहे."

चिमणीसुद्धा जरा थांबली.

"आजोबा," अक्षदा म्हणाली, "तुम्हीच बोलावलंय तिला."

"बोलावलं आहे खरं."

"आणि आता जा म्हणणार?"

मोरोपंतांनी पेचकस सदऱ्याच्या खिशात ठेवला. "विपुल, जाळी होती तशी लाव."

"अहो बाबा, बायका उकडून निघतील. तुम्ही सगळ्यांना शब्द दिला आहे."

"दिला आहे. पण तुझ्या लग्नाला जेवढी माणसं आली, ती तू पाठवलेला फोटो बघून आली," मोरोपंत म्हणाले. "पत्रिका मिळाली म्हणून आलेली ही पहिली. हिला उठवू मी?"

विपुलने जाळी लावली. मोरोपंतांनी बंद कूलरला कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि बटणावरून हात मागे घेतला.

मित्रांनो, त्या क्षणी मला झालर नव्हती, माझं छप्पर एका बाजूला वाकलं होतं आणि माझ्यात एक पाल होती. आणि त्या घरात माझ्याइतकं उंच कोणीही लटकत नव्हतं.

चार वाजता बायका आल्या आणि घामाने निथळल्या. तेव्हा मोरोपंतांनी माळ्यावरचा अख्खा गठ्ठा खाली आणला आणि प्रत्येकीच्या हातात वारा घ्यायला एकेक पत्रिका दिली. माझ्या सगळ्या बहिणी एकाच दिवशी पोचल्या. धारहून आलेल्या शशिकलाबाईंनी आपली पत्रिका लांब धरून वाचली आणि म्हणाल्या, "मोरोपंत, हे लग्न झालं ना हो?"

"झालं. आता वारा घ्या."

"मग ही आत्ता का देता?"

"आमच्याकडून उशीर झाला," मोरोपंत म्हणाले. "पन्हं घ्या."

विनीता मला आराशीत न्यायला आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं आणि रिकाम्या हाताने आत गेली. गौरीशेजारची जागा तशीच मोकळी राहिली. विचारणाऱ्या बायकांना अक्षदा सांगत होती, "तिथलं घर कामावर गेलं आहे."

पिल्लं निघाली, ओरडली, वाढली. सगळं घर तोवर गॅलरीत दबक्या पावलांनी चाललं आणि घाम पुसत राहिलं. मग एका सकाळी ती पंख फडफडवत कठड्यावर आली आणि गेली. निरोप घेतला नाही. पाहुणे म्हणून ते जरा कमीच होतं, पण मोरोपंतांनी ते चालवून घेतलं. दोन दिवस वाट पाहून त्यांनी कूलर सुरू केला, तेव्हा वाऱ्याबरोबर एक गुलाबी तुकडा बैठकीत उडाला आणि विपुलच्या मांडीवर पडला. 'कृपया आहेर आणू नये.' ती ओळ चिमणीने पाळली होती.

आता माझं सांगायचं संपलं, आणि इथे मी तुम्हाला मला जपा असं म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला जपू नका. चांदण्या चिकटवू नका, डब्यात घालू नका, पुढच्या वर्षीला होईल म्हणून गुंडाळू नका. तुमच्याही घरी माळा असेल, वर असाच एखादा गठ्ठा असेल, गणपती आहे म्हणून थांबलेला. तो खाली काढा. बांगडी ठेवून दार पाडा. ओळींच्या मधून कापा, अक्षर तोडू नका, कारण ते कोणाच्या खाली जाऊन बसेल आणि कोणाला वाचावं लागेल, सांगता येत नाही. आणि मग ते घर बाहेर उन्हात टांगा आणि कोणी ओढून नेलं तर नेऊ द्या.

मी अजून त्याच आकड्याला आहे. चार भिंती, एक काडी, दारावर गणपती. झालर नाही. काल अक्षदाने स्टूल ओढलं तेव्हा मी पुन्हा घाबरले होते. पण तिच्या हातात गुलाबी कागद होता, धारच्या शशिकलाबाई विसरून गेल्या त्या पत्रिकेतला. तिने ओळी नीट कापल्या होत्या. मननने गोंद लावला, या वेळी बराचसा मला. शेवटची पट्टी तिने सगळ्यात पुढे चिकटवली, चोचीला सहज लागेल अशी.