एकशे ऐंशी दिवस

मी चिडलो होतो, आणि समोर एवढं मोठं सरोवर असल्यामुळे जास्तच चिडलो होतो. माणूस इथे येऊन शांत होतो म्हणे.

सुमात्रा बेटावरचं तोबा सरोवर, ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं, शंभर किलोमीटर लांब. दोन हजार एकच्या डिसेंबरची ही सहल मी मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात बसून वर्षभर आखली होती. विद्या आणि मी मस्कतहून निघायचं, आमची वल्लरी पुण्याच्या हॉस्टेलवरून येणार, क्वालालंपूरला भेटायचं, पाच दिवस सरोवर, आणि सव्वीसला तिघांनी मिळून मस्कतला परत.

सव्वीसच का, तर सहा महिन्यांपेक्षा जास्त ओमानबाहेर राहिलं की तिथला रेसिडेन्स व्हिसा बाद होतो. अल् घुब्राच्या आमच्या बिल्डिंगमधली कॉलेजात गेलेली सगळी मुलं त्याच्या आत शिक्का मारायला घरी येतात, आठवडाभर जेवतात आणि परत जातात. कुणाची तारीख कधी, हे त्यांच्या आयांपेक्षा मला पाठ. वल्लरी सत्तावीस जूनला गेली होती, म्हणजे सत्तावीस डिसेंबर. एक दिवस हातात होता. मी स्वतःवर खूश होतो.

पंचवीसला सकाळी, विमानतळावर गाडी पाठव म्हणून सांगायला हॉटेलातून हसनला फोन लावला. आमच्या कंपनीची व्हिसाची कामं तोच बघतो. त्याने सहज विचारलं, "बेटी कब गया था?" मी तारीख सांगितली.

"शिरीष, सिक्स मंथ नहीं. वन एटी डेज. ट्वेंटी फोर को खलास."

मी बोटांवर मोजलं, मग हॉटेलच्या कॅलेंडरवर. एकतीस दिवसांच्या महिन्यांनी माझा घात केला होता. वडिलांच्या नावावर तिला नवा व्हिसा मिळेल का, ते विचारलं. "अब बडा हो गया, मुश्किल. इन्शाल्ला." हसनचं इन्शाल्ला म्हणजे नाहीच, हे मला चांगलं ठाऊक आहे. उद्या वल्लरीला आमच्याबरोबर नेता येणार नव्हतं.

"अहो, गावभरच्या पोरांच्या तारखा सांभाळता, आणि स्वतःच्या..." विद्याने वाक्य अर्धवट सोडलं, त्याचा मला आणखी राग आला.

वल्लरी काठावर पाण्यात पाय सोडून बसली होती. तिला सांगताना माझा आवाज चढलाच.

"बाबा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "आय काउंटेड."

"माहीत होतं? मग तोंड शिवलं होतं का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ट्रिप कॅन्सल केली असती. मग मी मस्कतला. सेम थिंग. तुम्ही ऑफिसला, आई किचनमध्ये, शिक्का झाला की मी परत." मराठी शब्द शोधत ती थांबली. "मला एकदा असंच भेटायचं होतं."

"अगं, पण घर आहे ते तुझं!" मी ओरडलो.

"मग घरी यायला डेट का लागते, बाबा?"

व्हिसाचे सगळे नियम मला तिला समजावून सांगता आले असते. मी बूट काढले आणि तिच्या शेजारी बसलो. राग काही जात नव्हता, फक्त आता तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ती पुण्याला गेल्यापासूनच्या तीन वर्षांत मी तिला फोनवर "कधी येतेस?" असं एकदाही विचारलं नव्हतं. "अमुक तारखेच्या आत ये," एवढंच सांगत आलो होतो.