भारीतलं ऑइल

"हे टाका, दादा. भारीतलं आहे," म्हणत धाकट्यानं ऑइलचा चकचकीत डबा गॅरेजच्या बाकावर ठेवला.

दोघं साडू. थोरला मोटारसायकलींचा मिस्त्री, घरचा जुना जावई. धाकटा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा, परवा-परवा घरात आलेला. पण कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशातली गत. सासरे धाकट्याला 'जावईबापू' म्हणत आणि थोरल्याला 'मिस्त्री'. थोरला घरी गेला की त्यांना गळका नळ आठवे, धाकटा गेला की कपाटातले चांगले कप बाहेर निघत. थोरल्याच्या हे डोळ्यांत खुपायचं आणि बायकोला सांगायचीही चोरी, कारण धाकटी तिची लाडकी बहीण.

त्यानं डबा फिरवून पाहिला. ऑइल कारचं होतं.

"कुठून आणलंस?"

"आमच्या मालकांनी दिलं. त्यांच्या कारला आणलेलं, एक डबा उरला. चालेल ना?"

चालणार नव्हतं. बहुतेक कारचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलच्या क्लचप्लेटा मात्र इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, म्हणून तिला तिचंच ऑइल लागतं. हे असलं बुळबुळीत पडलं की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. सपाटीवर पटकन कळत नाही, पण चढाला इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी पुढे सरकत नाही. योग्य ऑइलच्या बाटल्या मागच्याच फळीवर होत्या.

"चालेल की," थोरला म्हणाला.

धाकट्याच्या मोटारसायकलीतलं जुनं ऑइल काढून त्यानं आपल्या हातानं ते नवं ओतलं. ओतताना चढावर घामाघूम झालेले जावईबापू त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं.

धाकट्यानं गाडी सुरू केली. "उद्या बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. थेंब घालणार आहेत, मग दिसत नाही काही वेळ. बाबा मला म्हणाले, तुम्हीच न्या."

आजवर हे काम थोरल्याचं होतं. सासऱ्यांचा दवाखाना म्हणजे त्याची गाडी आणि त्याचा बुडालेला दिवस. त्याबद्दल त्यानं कुरकुरही केली होती. आता ते काम न मागता सुटलं, तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. नुसतं 'थांब' म्हणायचं होतं. त्याऐवजी तो रिकामा डबा पुसत बसला आणि धाकटा हात हलवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागेना. दुपारी उघडलेला ब्रेक तसाच टाकून त्यानं हात धुतले आणि तो सासऱ्यांच्या घराच्या चढाकडे निघाला. मजा बघायला चाललोय, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण मजा बघायला जाणारा माणूस इतक्या जोरात गाडी हाणत नाही.

चढाच्या मध्यावर दोघं दिसले. सासरे डोळे मिटून, सीट घट्ट धरून गाडीवर बसले होते. इंजिन रडत होतं आणि धाकटा खाली उतरून गाडी ढकलत होता. शर्ट पाठीला चिकटला होता, तरी तोंड चालूच होतं. "आता खड्डा आहे हं, बाबा. आता हे वळण. घाबरायचं नाही, विमानात बसलाय असं समजा." आणि सासरे हसत होते. थोरल्याच्या गाडीवर ते कधी असे हसले नव्हते. त्याला आधी राग आला, लाज नंतर वाटली.

आपली गाडी कडेला लावून त्यानं मागून जोर लावला. धाकट्यानं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा गाडी ढकलू लागला.

दारात सासूबाई वाट पाहत उभ्या होत्या. "अगंबाई! दोघं जावई ढकलताय, काय झालं गाडीला?"

"चुकीचं ऑइल पडलंय, आई. दवाखान्याजवळच्या मिस्त्रीनं सांगितलं."



"अन् टाकलं कुणी?"

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलेलं होतं, ते त्या पाहण्यातच दिसलं.

"मीच आणलं होतं. दादा नको म्हणत होते, मी हट्ट धरला."

"असं कसं करता, जावईबापू?" सासरे सीटवरून म्हणाले. "मिस्त्रीचं ऐकायचं! गाडीतलं त्याच्याइतकं कळणारा माणूस गावात नाही. मी सगळ्यांना सांगत असतो."

इतकी वर्षं थोरला हे ऐकायला तरसला होता.  धाकटा खाली बघून रुमालानं मान पुसत होता.

"मिस्त्री, उतरवा हो मला. काही दिसत नाही," सासरे हवेत चाचपडत म्हणाले.

धाकटा बाजूला सरला. थोरल्याचे हात धुतलेले होते. तरी त्यानं ते पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि मग पुढे केले.