लेमुएलकाकांचा हिस्सा

व्हर्नेडाने कागद टेबलावर पसरले, तसे लेमुएलकाकांनी ते एका हाताने गोळा करून परत तिच्याकडे सरकवले.

"आधी खाऊन घे. जॉर्जियाहून जॅक्सनव्हिलपर्यंत गाडी हाकत आलीस. सही कुठे पळून चालली नाही."

तळलेला मासा आणि मक्याची पेज होती. व्हर्नेडाने दोन घास खाल्ले आणि कागद पुन्हा जवळ ओढले. ती शाळेची बस चालवायची. सुट्टीच्या दिवसांत पार डेट्रॉइटपर्यंत जाऊन तिने चौतीस वारसांपैकी तेहेतीस जणांच्या सह्या जमवल्या होत्या. उरले होते फक्त हे, तिच्या वडिलांचे चुलतभाऊ.

जमीन बारा एकर, खाडीकाठची. गुलाम म्हणून जन्मलेल्या प्रिन्स नावाच्या त्यांच्या पूर्वजाने सुटकेनंतर वीस वर्षं दुसऱ्यांचं भात कापून ती विकत घेतली होती. मृत्युपत्र त्याने केलं नाही. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या कोर्टात जाऊन मृत्युपत्र करायचं, म्हणजे आपल्याकडे काय आहे ते त्यांना दाखवून ठेवायचं, असा तो काळ. पुढच्यांनीही केलं नाही. जमीन सगळ्यांची झाली आणि कागदावर मेलेल्या माणसाचीच राहिली.

"वादळात माझं छप्पर गेलं," व्हर्नेडा म्हणाली. "सरकारी कचेरीत मदत मागायला गेले तर तिथली बाई विचारते, मालक कोण? मी म्हटलं, प्रिन्स. म्हणे, त्यांना घेऊन या."

"मग? नेलंस का?"

दोघंही हसली. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "काका, गोल्फच्या मैदानासाठी जमिनी घेत फिरणाऱ्या त्या कंपनीचा माणूस तुमच्याकडेही आला होता ना?"

"आला होता. गोड बोलतो. मला सर म्हणाला."

"त्याला एक हिस्सा मिळाला की तो कोर्टात जाऊन सगळीच जमीन लिलावात काढायला लावेल. शेजारच्या सिमन्सांची तशीच गेली. आता आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला त्यांना फाटकावरच्या वॉचमनची परवानगी लागते."

काकांनी चमचा खाली ठेवला.

"मला नको शिकवूस. चाळीस वर्षं बंदरात माल उतरवला मी. माझ्याबरोबर लागलेल्या गोऱ्या पोरांना बँकेने घरासाठी कर्ज दिलं. मला म्हणाले, तुमच्या वस्तीत देत नाही. त्यांनी घरं घेतली, त्या घरांवर त्यांची नातवंडं शिकली. माझ्या नातीला द्यायला माझ्याकडे काय आहे? या भाड्याच्या खोल्या? तिला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. तो माणूस अठरा हजार डॉलर देतोय."

व्हर्नेडा भांडायच्या तयारीने आली होती. पण ती कागदाचा मुडपलेला कोपरा बोटाने सरळ करत राहिली.

"म्हणजे मला न विचारता माझं शिक्षण ठरलं का?"

दारात तमीरा उभी होती, काकांची नात. हॉस्पिटलमधलं साफसफाईचं काम आटपून आलेली. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

"तुझ्या भल्याचंच चाललंय," काका म्हणाले. "हात धू, खायला बस."

ती बसली, पण खायला नाही. तिने कागद पुढे ओढून पहिलं पान सावकाश वाचलं.

"आत्या, हे झालं की काय होईल?"

"सगळ्यांची मिळून एक कंपनी होईल. कुणा एकट्याला विकता येणार नाही. कोर्टाने मान्य केलं की मालक म्हणून आपली नावं लागतील. मग बँक निदान दारात तरी उभं करेल."

"आणि आजोबांचा हिस्सा?"

"त्यांच्यामागे तुझा."

तमीराने कागद परत व्हर्नेडाकडे सरकवले. मग म्हणाली, "आजोबा, संध्याकाळचे वर्ग असतात. नोकरी सांभाळून करता येतं. दोनाची चार वर्षं लागतील."

"चार वर्षं फरशा पुसणार?"

"आत्ता पुसतेच आहे."

काका उठले. फ्रिजवरून त्यांनी एक पाकीट काढलं. बंद केलेलं, वर तिकीट लावलेलं. पत्ता गोल्फ कंपनीचा होता. व्हर्नेडाचा हात कागदांवर तसाच थांबला.

"सोमवारी टाकणार होतो," ते म्हणाले. त्यांनी पाकीट मधोमध फाडलं, पुन्हा एकदा फाडलं आणि माशाच्या काट्यांवर टाकलं. "तिकीट फुकट गेलं. दे पेन."

सही करताना त्यांना वेळ लागला. शेवटच्या अक्षरानंतर ते मान वर न करता म्हणाले, "माझ्या नावाखाली हिचंही लिही. नंतर परत कुणाला दारोदार फिरायला नको."

कोर्टाचा निकाल यायला चौदा महिने लागले. त्यानंतर व्हर्नेडाला छपरासाठी कर्ज मिळालं. व्याज जास्त होतं, पण मिळालं. तमीराचं दुसरं वर्ष सुरू झालं होतं. ईस्टरला ती आजोबांना घेऊन आली. साठ वर्षांनी ते त्या जमिनीवर पाय ठेवत होते.

जेवणं झाल्यावर ते काठी टेकत खाडीच्या बाजूला गेले. तमीरा मागोमाग होती. पाण्याजवळच्या ओकच्या झाडाखाली ती थांबली, तर ते मान हलवत म्हणाले, "इथे नको. मोठ्या भरतीला पाणी येतं. घर तिकडे, त्या उंचवट्यावर."

"घराचं कुणी काढलंय, आजोबा?"

"कुणीच नाही. जागा सांगून ठेवतोय."

ते ओकच्या मुळावर बसले. तमीरा उंचवटा चढून गेली आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने ती चार पावलं डावीकडे सरकली आणि पुन्हा पाहू लागली.